इंग्रजी व्यापारी शब्दांची कुळकथा

पैशाच्या व्यवहारांतील कित्येक इंग्रजी शब्द मराठी कुटुंबांत इतके रुळून गेले आहेत कीं, ते परके आहेत याची आठवणहि कोणास होत नाहीं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत गृहिणी घरखर्चाचें बजेट मांडते, मुलाच्या शाळेची फी भरली जाते, वडीलधारी मंडळी बँकेंतील खात्याची चौकशी करतात, आणि अमक्या कंपनीचे शेअर चढले कीं उतरले यावर पानावर बसल्या बसल्या वाद रंगतो. हे शब्द कानांवर पडतांच एक हिशेबी व कोरडी सृष्टि डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु कोशाचीं पानें उलटलीं म्हणजे याच शब्दांच्या तळाशीं गुरेंढोरें, बाकें, पेट्या, पिशव्या, झाडाचीं खोडें आणि भाकरीचे तुकडे सांपडतात. जी वस्तु एके काळीं हातांत धरतां येत होती ती नाहींशी झाली आणि तिचें केवळ नांव मागें उरलें, हाच या बहुतेक शब्दांचा इतिहास होय.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. उसनवारीचा प्रत्येक व्यवहार म्हणजे एका माणसानें दुसऱ्यास दिलेलें वचन. त्या वचनाची खूण कोणाच्या हातीं असावी, आणि ती खूण ज्यास वाचतां येत नाहीं त्याचें काय व्हावें, हा प्रश्न या शब्दांच्या पोटांत दडलेला आहे. त्या प्रश्नाचें एक कडू उत्तर इ. स. १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील एका बाजाराच्या गांवीं मिळालें. तेथपर्यंत जाण्यापूर्वीं शब्दांच्या मूळ गांवाकडे वळलें पाहिजे.

सर्वांत जुनें धन म्हणजे जनावरें. लॅटिन भाषेंत 'पेकुस' म्हणजे गुरेंढोरें आणि 'पेकुनिया' म्हणजे पैसा. संस्कृतांतील 'पशु' हा या 'पेकुस'चा सख्खा भाऊ. इंग्रजी ज्या शाखेंत मोडते त्या शाखेंत मूळच्या 'प'चा 'फ' होतो. त्यामुळें जुन्या इंग्रजींत गुरांना आणि संपत्तीला मिळून 'फेओ' असें एकच नांव होतें. आजची 'फी' ही नॉर्मन सरदारांच्या फ्रेंच भाषेंतून, जहागिरीच्या अर्थानें, इंग्लंडांत आली. तरी तिचेंहि मूळ बहुतेक कोशकार याच कुळांत शोधतात. शब्दाच्या हिशेबानें पाहिलें तर शाळेची फी भरणारा गृहस्थ गुरुजींच्या दारीं गायच बांधून येतो. 'कॅपिटल' म्हणजे भांडवल. त्याचें मूळ लॅटिन 'कापुत', म्हणजे डोकें. त्यापासून मध्ययुगीन लॅटिनमध्यें मुख्य मालमत्तेचा वाचक असा शब्द झाला, आणि त्याच शब्दाचें फ्रेंचमधून आलेलें एक रूप 'कॅटल', म्हणजे गुरें, हें होय. 'गोधन' हा शब्द ज्या समाजानें घडविला त्यास हें नातें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

गुरांच्या मागोमाग बाजार आला, आणि बाजाराबरोबर बाक आलें. मध्ययुगांत इटलीच्या शहरांत नाना राज्यांचीं नाणीं येत. त्यांची पारख करून अदलाबदल करून देणारे सराफ बाजारांत बाक मांडून बसत. या बाकास इटालियन भाषेंत 'बांका' किंवा 'बांको' म्हणत. हा शब्दहि मूळचा इटलीचा नव्हे. तो उत्तरेकडील जर्मानिक टोळ्यांकडून तेथें गेला, आणि इंग्रजींतील 'बेंच' त्याचाच भाऊबंद आहे. नाणीं बदलतां बदलतां सराफ ठेवी घेऊं लागला, ठेवींतून कर्जें देऊं लागला, आणि बाकाचें नांव त्याच्या धंद्याला चिकटलें. बँक म्हणजे मुळांत एक बाक.

बाक असेल तेथें तें मोडण्याचीहि वेळ यावयाचीच. 'बांका रोत्ता', म्हणजे मोडलेलें बाक, यावरून इंग्रजींत 'बँकरप्ट' हा शब्द आला. त्याचें शेपूट मागाहून लॅटिन व्याकरणाच्या धाटणीनें बदललें. पैसे बुडविणाऱ्या सराफाचें बाक लोक खरोखरच भर चौकांत फोडीत, अशी गोष्ट रंगवून सांगितली जाते. पण 'रोत्ता' या शब्दाला 'मोडलेला' याबरोबरच 'हरलेला' असाहि अर्थ आहे. म्हणून कुऱ्हाडीचा तो प्रसंग कल्पनेंतला असण्याचा संभव अधिक. बाकें मोडलीं हें मात्र अगदीं खरें. फ्लॉरेन्स शहरांतील पेरुत्सी आणि बार्दी या युरोपांत नांवाजलेल्या दोन पेढ्या अनुक्रमें १३४३ आणि १३४६ मध्यें बुडाल्या. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्याकडे अडकून पडलेलें कर्ज हें त्याचें एक कारण होतें. राजाला कर्ज देणें हा मोठा मान. परंतु राजानें तें फेडलें नाहीं तर दाद कोणाकडे मागावयाची? मराठींतील 'दिवाळें' या शब्दाची व्युत्पत्ति वादग्रस्त आहे; तथापि बुडालेला व्यापारी आपल्या दुकानांत दिवा लावून निघून जाई, त्यावरून हा शब्द आला, अशी एक जुनी समजूत आहे. एका देशानें बाक मोडलें, दुसऱ्यानें दिवा लावला, अर्थ एकच.

बाकाजवळ पेटी असते. फ्रेंच 'कास' आणि इटालियन 'कास्सा' म्हणजे पेटी. पेटी म्हणतां म्हणतां पेटींतील रोकड असा अर्थ झाला आणि इंग्रजींत 'कॅश' हा शब्द रुळला. गंमत अशी कीं, हिंदुस्थानच्या दक्षिण भागांत चालणाऱ्या एका लहान नाण्यासहि इंग्रज व्यापारी 'कॅश'च म्हणत. तो शब्द मात्र अगदीं निराळा. तमिळ 'कासु' पोर्तुगीजांच्या तोंडीं बदलला आणि तेथून इंग्रजांकडे गेला. रूप एक, गोत्रें दोन.

पेटीहून सुटसुटीत ती पिशवी. जुन्या फ्रेंचमध्यें कातड्याच्या लहान पिशवीस 'बुजेत' म्हणत; त्यापासून 'बजेट' झालें. पिशवींतून कागद काढून मंत्री काय दाखवितो, या कल्पनेवर १७३३ मध्यें इंग्लंडचा प्रधान रॉबर्ट वॉलपोल याच्या कर-योजनेची थट्टा करणारें 'बजेट उघडलें' अशा आशयाचें एक चोपडें निघालें. थट्टेंतला शब्द पुढें राज्यकारभाराचा झाला. हिंदुस्थान सरकारचें पहिलें बजेट जेम्स विल्सन यानें १८६० मध्यें मांडलें. तिसरी वस्तु बटवा. ब्रूज शहरांतील व्हान डेर बर्झ या घराण्याच्या वाड्यापुढें व्यापारी जमत, आणि त्या घराण्याच्या चिन्हांत बटवे होते. त्यावरून युरोपांतील कित्येक भाषांत शेअर बाजारास 'बूर्स' किंवा 'बर्से' म्हणूं लागले.

देण्याचा शब्दहि जिव्हाळ्याचा आहे. इंग्रजी 'पे' हें लॅटिन 'पाकारे' या क्रियापदाचें फ्रेंचमधून आलेलें रूप. त्याचा अर्थ शांत करणें, समेट करणें. घेणेकऱ्यास शांत करणें म्हणजे देणें फेडणें. याच लॅटिन क्रियापदापासून पोर्तुगीज भाषेंत 'पागार' झालें, आणि पोर्तुगीजांच्या संगतीनें तें कोंकणच्या किनाऱ्यावर उतरून मराठींत 'पगार' म्हणून नांदूं लागलें. पगार आणि पेमेंट हीं दोन दिशांनीं आलेलीं एकाच आईचीं लेकरें आहेत. याच्या जोडीला 'सॅलरी'चा संबंध लॅटिन भाषेंतील मिठाच्या शब्दाशीं आहे, हें खरें. परंतु रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच मोजून देत, या लोकप्रिय कथेस प्राचीन लेखांत आधार सांपडत नाहीं. खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा मराठी माणसास ओळखीची असल्यामुळें ती कथा पटकन् पटते, इतकेंच.

यापुढचा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आलेला आहे. बाराव्या शतकांत इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका मोठ्या मेजावर होत असे. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानें त्या पद्धतीचें बारकाईनें वर्णन करून ठेवलें आहे. मेज सुमारें १० फूट लांब व ५ फूट रुंद, त्यावर काळें कापड, कापडावर रेघा. या रकान्यांत पेन्स, शिलिंग, पौंड, पुढें वीस, शंभर, हजार अशा मानानें सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करीत. मेजाच्या एका बाजूस राजाचे अधिकारी, दुसऱ्या बाजूस प्रांताचा वसूल घेऊन आलेला शेरीफ. जणू डावच मांडला आहे, असें फिट्झनीलनेंहि म्हटलें आहे. या पटावरून त्या कचेरीस 'एक्सचेकर' म्हणूं लागले. आणि पैशाच्या चिठ्ठीस लावलेल्या 'चेक' शब्दाचें इंग्लंडांतील लेखन त्याच 'एक्सचेकर'च्या वळणावर गेलें. पण हा 'चेक' मूळचा कोणता? बुद्धिबळांत राजावर चाल केली म्हणजे इराणी खेळाडू 'शाह' असें पुकारीत. हिंदुस्थानांतून इराणांत गेलेला हा खेळ अरबांच्या मार्फत युरोपांत पोंचला, आणि 'शाह'चा फ्रेंचमध्यें 'एशेक' व इंग्रजींत 'चेक' झाला. राजाला अडविणें, मग कोणासहि अडविणें, मग अडवून तपासणें, आणि शेवटीं ज्या कागदावरून लबाडी तपासतां येते तो कागद, अशी त्याची चाल आहे. मराठी खेळाडू जो 'शह' देतो तोहि हाच 'शाह'. बँकेंत टाकलेला चेक आणि पटावर दिलेला शह यांचें कूळ एकच आहे.

त्याच मेजावर कापडाशेजारीं काठ्यांची जुडी पडलेली असे. तिच्यांतच या साऱ्या कथेचें मर्म आहे. हिशेबाच्या या काठीस 'टॅली' म्हणत. बहुधा हेझल नांवाच्या झाडाची सरळ काठी घेऊन तीवर रकमेच्या खांचा पाडीत. एक हजार पौंडांस तळहाताच्या जाडीची खांच, शंभरास अंगठ्याएवढी, वीस पौंडांस करंगळीएवढी, एका पौंडास टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी, शिलिंगास त्याहून बारीक, आणि पेनीस केवळ सुरीची एक रेघ. खांचा पाडून झाल्या म्हणजे काठी उभी चिरीत. दोन्ही तुकड्यांवर त्याच खांचा राहत. मुठीसकट राहणारा लांब तुकडा 'स्टॉक', म्हणजे खोड. तो पैसे देणाऱ्यास मिळे. आंखूड तुकडा 'फॉइल', म्हणजे पान. तो पैसे घेणाऱ्याकडे राही. हिशेबाच्या दिवशीं खोड आणि पान जोडून पाहत. एकानें चोरून खांच वाढविली तर दुसऱ्याच्या तुकड्यावर ती उतरत नसे; आणि लांकडाच्या नैसर्गिक रेषा जुळल्या नाहींत तर खोटी काठी तेथेंच पकडली जाई.

ही पद्धति ओबडधोबड दिसते. परंतु तिच्यांत असा एक गुण होता कीं, जो पुढच्या सुबक कागदांत नेहमीं आढळला नाहीं. पुरावा दोघांच्या हातीं असे, आणि तो वाचण्यास अक्षरओळख लागत नसे. निरक्षर शेतकरीहि अंधारांत अंगठ्यानें चांचपून आपलें देणें किती तें सांगूं शकत असे. 'स्टॉक' शब्दाला पुढें भांडवलाचा व रोख्यांचा अर्थ आला. खोडापासून फांद्या फुटाव्या त्याप्रमाणें ज्या रकमेपासून नफा फुटतो ती रक्कमहि स्टॉक, आणि सरकारास पैसे देणाऱ्याच्या हातीं राहणारा लांकडाचा तुकडाहि स्टॉक. हे दोन्ही धागे त्या शब्दांत गुंतलेले आहेत. संस्कृतांतील 'मूलधन' या शब्दांतहि झाडाचीच कल्पना आहे. तेथें मूळ, येथें खोड.

या काठ्यांचा शेवटहि विलक्षण झाला. १७८२ च्या कायद्यानें त्या बंद करण्याचें ठरलें. पण जुन्या अधिकाऱ्यांच्या जागा असेपर्यंत पद्धति चालूं दिल्यामुळें ती प्रत्यक्षांत १८२६ मध्यें थांबली. निरुपयोगी काठ्यांचे ढीग उरले. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं दोन गाड्या भरतील इतक्या काठ्या लंडनमधील उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत घालण्यांत आल्या. वाळलेलें लांकूड भडकलें, धुराडीं तापलीं, आणि त्या रात्रीं पार्लमेंटचीं दोन्ही सभागृहें जळून गेलीं. एका राज्यानें आपल्या जुन्या हिशेबाच्या खुणा जाळावयास घेतल्या आणि त्यांत आपलें घर जाळून घेतलें.

काठीची जागा कागदानें घेतली, आणि कागदाबरोबर विश्वासाचे शब्द पुढें आले. 'क्रेडिट' हा लॅटिन 'क्रेदेरे', म्हणजे विश्वास ठेवणें, या क्रियापदापासून आलेला शब्द. संस्कृतांतील 'श्रद्धा' आणि हें क्रियापद एकाच प्राचीन मुळापासून निघालेलीं आहेत. म्हणून 'क्रेडिटर' म्हणजे श्रद्धा ठेवणारा. 'डेबिट' म्हणजे देणें असलेलें. हे दोन रकाने समोरासमोर मांडण्याची इटालियन व्यापाऱ्यांची रीति लुका पाचोली या गणिती साधूनें १४९४ मध्यें व्हेनिस येथें छापलेल्या ग्रंथांत सांगितली. मराठी वह्यांत त्यांच्या जागीं 'जमा' आणि 'नांवें' आहेत. 'नांवें' हा शब्द तर पुरता बोलका आहे; रक्कम माणसाच्या नांवावर बसते, केवळ आंकड्यावर नाहीं. 'बाँड' म्हणजे बांधणारा. 'बाइंड', 'बँड', 'बाँड' आणि संस्कृत 'बंध' हीं सारीं एकाच मुळाचीं रूपें. बाँड लिहून देणारा आपण होऊन बांधून घेतो.

'इंटरेस्ट' या शब्दाचा जन्म मात्र एका पळवाटेंतून झाला. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मसत्तेनें व्याज घेणें पाप ठरविलें होतें. त्या निंद्य व्याजास 'यूझरी' म्हणत. परंतु मुदतींत पैसे परत न आल्यामुळें सावकाराचें जें नुकसान होतें त्याची भरपाई घेण्यास हरकत नाहीं, असें धर्मशास्त्र्यांनीं मान्य केलें. लॅटिनमध्यें 'इंतेरेस्से' म्हणजे मध्यें असणें. जें व्हावयाचें आणि जें झालें, या दोहोंच्या मध्यें पडलेलें अंतर म्हणजे इंटरेस्ट. पाप राहिलें, नांव बदललें. संस्कृतांत 'व्याज' या शब्दाचा अर्थ निमित्त, बहाणा असा आहे. 'व्याजस्तुति' या अलंकारांत तो अर्थ अजून जिवंत आहे. तोच शब्द मराठींत सावकारी वाढीस लागावा, हा योगायोग मनोरंजक खरा. हिंदु धर्मशास्त्रानें या वाढीस 'दामदुपटी'ची मर्यादा घातली होती. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये, असा तो नियम. आणि मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींहि तो हिंदु ऋणकोंपुरता मानला.

एका माणसाचा विश्वास पुरेनासा झाला तेव्हां अनेकांनीं एकत्र येण्याची गरज पडली. 'कंपनी' या शब्दांत लॅटिन 'पानिस', म्हणजे भाकरी, दडलेली आहे. जे एकत्र भाकरी खातात ते सोबती, आणि सोबत्यांची ती कंपनी. १६०० मध्यें निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचे प्रारंभीचे भागीदार एकेका सफरीपुरतें भांडवल घालीत आणि गलबतें परत आल्यावर वांटणी करून मोकळे होत. कायमचें समाईक भांडवल १६५७ मध्यें झालें. 'शेअर' म्हणजे कापून वेगळा केलेला भाग, आणि 'डिव्हिडंड' म्हणजे वांटावयाची रक्कम. भाकरी मोडून वांटण्याचीच ही भाषा. परंतु पंक्तीस बसणाऱ्याची जबाबदारी किती? जुन्या भागीदारींत धंदा बुडाला तर भागीदाराचें घरदारहि जाई. इंग्लंडांत १८५५ आणि १८५६ च्या कायद्यांनीं, आणि हिंदुस्थानांत १८५७ च्या कायद्यानें, भागीदाराचें नुकसान त्याच्या भागापुरतें मर्यादित ठेवण्याची सोय झाली. कंपनीच्या नांवापुढचें 'लिमिटेड' हें बिरूद नव्हे. ती घेणेकऱ्यांस दिलेली सूचना आहे. या कंपनीकडून येणें बुडालें तर भागीदारांच्या घरापर्यंत येतां येणार नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

आतां राहिला तो सर्वांत गंभीर शब्द, 'मॉर्गेज'. जुन्या फ्रेंचमध्यें 'मोर' म्हणजे मेलेलें आणि 'गाज' म्हणजे तारण. मॉर्गेज म्हणजे मृत गहाण. बाराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅनव्हिलच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या कायदेग्रंथांत याचा खुलासा आहे. गहाण जमिनीचें उत्पन्न कर्जांत वळतें होत असेल तर तें जिवंत गहाण. उत्पन्न सावकार खातो आणि कर्ज जसेंच्या तसें उभें राहतें, तें मृत गहाण. पुढें १६२८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सर एडवर्ड कोक याच्या भाष्यांत दुसरा अर्थ दिला आहे. मुदतींत पैसे दिले नाहींत तर जमीन कर्जदाराला मेली; दिले तर गहाण सावकाराला मेलें. दोन्ही अर्थांत मरण आहे. फरक इतकाच कीं, पहिल्यांत जमिनीचें उत्पन्न कर्जदारास मेलें, दुसऱ्यांत दोघांपैकीं एकास कांहीं तरी गमवावें लागतें.

असे शब्द घेऊन इंग्रजी कायदा दख्खनच्या खेड्यांत शिरला तेव्हां काय झालें, हें पाहण्याजोगें आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटल्यामुळें इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरांत मुंबईंत नव्या नव्या कंपन्या निघाल्या आणि शेअरांचा सट्टा माजला; खेड्यांत शेतकऱ्यास कर्ज सहज मिळूं लागलें. १८६५ मध्यें युद्ध संपलें आणि पूर ओसरला. मुंबईंत पेढ्या बुडाल्या. जुनी बँक ऑफ बाँबेहि १८६८ मध्यें गुंडाळावी लागली. खेड्यांत भाव उतरले, सरकारी सारा वाढलेला राहिला, आणि कर्ज मात्र उभेंच राहिलें.

यांत मुदतीच्या कायद्याची भर पडली. १८५९ च्या कायद्यानें नोंदणी न झालेल्या खतांस ३ वर्षांची मुदत घातली. जुनीं कर्जें अनंत काळ चालूं नयेत हा त्याचा हेतु. परिणाम उलट झाला. दर ३ वर्षांनीं सावकार नवें खत लिहून घेई, आणि थकलेलें व्याज मुद्दलांत मिळून नवें मुद्दल होई. खत सावकाराच्या पेटींत राही. कुळाजवळ काय? अंगठ्याची शाई. ज्या अंगठ्यानें इंग्लंडांतील निरक्षर शेतकरी खांच चांचपून आपलें देणें ओळखी, त्याच अंगठ्याचा ठसा येथें न वाचलेल्या मजकुराखालीं उमटत असे. न्यायालयांत खत हजर झालें कीं हुकूमनामा मिळे. त्या खतामागें किती धान्य उचललें आणि किती फेडलें, हें विचारण्याचें कोणास बंधन नव्हतें.

१२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. हा उठाव पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. त्यांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, जमावाचा रोख जिवावर नव्हता. बहुतेक ठिकाणीं त्यांनीं खतें आणि हुकूमनामे मागितले, व हातीं आलेले कागद जाळले. वाचतां येत नसले तरी आपल्याला बांधणारी वस्तु कोणती हें त्यांना नेमकें ठाऊक होतें. जेथें खतें मुकाट्यानें बाहेर आलीं तेथें बहुधा पुढें कांहीं झालें नाहीं.

या प्रसंगास दोन महिनेहि झाले नाहींत तोंच, ९ जुलै १८७५ रोजीं, मुंबईंत शेअर दलालांनीं आपली संस्था स्थापन केली. तीच पुढें मुंबईचा शेअर बाजार झाली. हे दलाल त्यापूर्वीं टाऊन हॉलजवळ वडाच्या झाडाखालीं जमत. एकाच कापसाच्या लाटेनें एकाच वर्षीं दोन चित्रें किनाऱ्यास लावलीं. शहरांत कागदाची किंमत ओळखणारे लोक नियम करून एकत्र बसले. खेड्यांत कागदाची किंमत मोजून थकलेल्या लोकांनीं त्याची होळी केली.

सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें, आणि १८७९ मध्यें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन व्यवहाराचा प्रारंभापासूनचा हिशेब पाहण्याचें कर्तव्य लावलें. कर्जासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकणें बंद केलें. आणि शेतकऱ्यानें लिहून द्यावयाचीं खतें गांवच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमोर व्हावींत अशी तरतूद केली. खत काय म्हणतें हें करणाऱ्यास समजलें पाहिजे, हा त्याच्या मुळाशीं असलेला विचार. कायद्यानें कर्जबाजारीपण संपलें नाहीं. सावकारांनीं नव्या वाटा शोधल्या, आणि विक्रीच्या नांवाखालीं गहाणें चालूं राहिलीं. तरी काठीच्या जमान्यांतील एक साधें तत्त्व, म्हणजे खूण दोन्ही पक्षांस वाचतां आली पाहिजे, तें निदान कायद्याच्या पुस्तकांत परत आलें.

त्या तत्त्वाची आठवण सुशिक्षित घरांत अजून एका जागीं शिल्लक आहे. चेकबुकांतील चेक फाडून दिल्यावर जो लहानसा तुकडा मालकाजवळ उरतो त्यास 'काउंटरफॉइल' म्हणतात. चिरलेल्या काठीचें तें 'फॉइल', तें पान, तें हेंच. चेकबुकेंहि आतां मागें पडत चाललीं आहेत. मोबाइलच्या पडद्यावर कर्ज मिळतें. अटींचीं पानें वर सरकवून 'मान्य' या अक्षरांवर अंगठा ठेवला कीं व्यवहार पुरा होतो. अक्षरें वाचतां येणाऱ्यांनींहि तीं न वाचतां अंगठा द्यावा, हा काळाचा खेळ म्हटला पाहिजे.

शब्दांचीं मुळें शोधणें हा विद्वानांचा केवळ विरंगुळा नव्हे, तें याचसाठीं. क्रेडिट म्हणजे श्रद्धा, बाँड म्हणजे बंध, मॉर्गेज म्हणजे मेलेलें गहाण, आणि लिमिटेड म्हणजे भागीदारांच्या दारांशीं संपणारी जबाबदारी, हें ज्यास ठाऊक आहे तो त्या शब्दांच्या भारदस्तपणानें दिपणार नाहीं. सही करण्यापूर्वीं तो थांबेल, आणि काठीचा आपला अर्धा तुकडा कोठें आहे, एवढें तरी विचारील.